चिता की चीता? विमानांच्या मजकुरातल्या त्याच त्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

रात्रीचे पावणेबारा. शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटायला पंधरा मिनिटं होती. समोरच्या प्रुफात ओळ होती : ‘लष्कराचे चिता हेलिकॉप्टर कोसळले’. मी ‘चि’भोवती गोल केला, समासात ‘ची’ लिहिलं आणि प्रूफ परत पाठवलं. मग आठवलं की हीच बातमी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीतही गेली आहे, आणि ती एव्हाना छापून टेम्पोत चढली आहे. त्या अपघातात माणसं गेली होती. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी मराठी वाचत असतील, तर सकाळी त्यांच्या हातात ‘चिता’ हा शब्द पडणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी नाशिकमध्ये मुद्रितशोधन करते. वर्तमानपत्र, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, असं सगळं हाताखालून जातं. आणि नाशिकमध्ये विमानं हा विषय वर्षभर येतच राहतो. ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. शेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. गांधीनगरला भूदलाच्या वैमानिकांचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं. प्रवासी विमानंही ओझरहूनच सुटतात. त्यामुळे चुका व्हायला जागा भरपूर, आणि त्या ओळखणारे वाचकही भरपूर. सकाळी सातला फोन करणारे निवृत्त तंत्रज्ञ इथे घराघरांत आहेत.

चुका दरवेळी त्याच असतात. दुरुस्त केल्या की महिन्याभरात परत येतात. त्या का येतात आणि कुठे पकडायच्या, ते माझ्या कामातून जेवढं कळलं तेवढं लिहिते.

आधी ‘चिता’चंच बघू

ही चूक स्पेलचेक पकडत नाही, कारण ‘चिता’ हा शब्द कोशात आहे आणि बरोबरच लिहिलेला आहे. त्या प्राण्याला मराठीत आपण ‘चित्ता’ म्हणतो. ‘चीता’ हे रूप मराठी कानाला ओळखीचं नाही. बातमीदार फोनवर बोलून मजकूर टाइप करतो, तेव्हा फोन जवळचा माहीत असलेला शब्द टाकतो आणि तो नेमका ‘चिता’ असतो. कुणी हुशारी करून ‘चित्ता हेलिकॉप्टर’ लिहितं. पण विशेषनामाचं भाषांतर करायचं नसतं. हेलिकॉप्टरचं नाव ‘चीता’ आहे, दीर्घ ‘ची’.

सगळीकडे एकदम ‘चिता’ शोधून ‘चीता’ घालू नका. एकदा एका अंत्यसंस्काराच्या बातमीत ‘चीता रचली’ झालं होतं. अपघाताची बातमी आणि अंत्यसंस्काराची बातमी बऱ्याचदा एकाच पानावर असतात. प्रत्येक जागा डोळ्यांनी बघून बदलायची.

याच नावाची दुसरी गल्लत ‘चेतक’शी होते. दोन्ही मुळात फ्रेंच आराखड्याची, दोन्ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली, दोन्हींच्या डोक्यावर तीनच पाती. मजकुरात ‘चेतक’ आणि फोटोत चीता, असं सर्रास होतं. फोटो बघून ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. चीताची शेपूट उघड्या लोखंडी सांगाड्यासारखी असते, विजेच्या टॉवरसारखी, आरपार आकाश दिसतं. चेतकची शेपूट पत्र्याने झाकलेली असते. चार पाती दिसली तर ते या दोन्हींपैकी नाही, बहुतेक ‘ध्रुव’ असेल. उपनगर, गांधीनगर भागातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, ती मंडळी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ओळखतात. फोटो लावणाऱ्याने मात्र शेपूट बघूनच ओळ लिहावी.

आणि ‘पाती’ लिहा. ‘हेलिकॉप्टरचे पंखे’ किंवा ‘पंख’ लिहू नका. पंख विमानाला असतात. एक पातं, अनेक पाती.

एमकेआय आणि मार्क १ए

ही चूक खास आपल्या गावची म्हणावी लागेल, कारण दोन्ही विमानं ओझरला बनतात. सुखोई-३० एमकेआय आणि तेजस मार्क १ए. इंग्रजी मजकुरात एकात शेवटी ‘आय’ हे अक्षर असतं आणि दुसऱ्यात ‘एक’ हा आकडा. कितीतरी टायपांत ते दोन्ही नुसती एक उभी रेघ दिसतात. मग ‘सुखोई मार्क १’ आणि ‘तेजस एमकेआय’ अशी कधी अस्तित्वात नसलेली विमानं छापली जातात.

सुखोईतला ‘एमके’ म्हणजे ‘मार्क’ नव्हे. ती रशियन शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि शेवटचा ‘आय’ भारतासाठीचा. तेजसमधला ‘एमके’ मात्र ‘मार्क’च, म्हणजे आवृत्ती. माझा नियम असा की सुखोईला ‘एमकेआय’ अक्षरात, तेजसला ‘मार्क १ए’ असं ‘मार्क’ शब्द पूर्ण लिहून. दोन वेगळ्या तऱ्हेने लिहिलं की गल्लत होतच नाही. तरी शंका आली तर मजकुरात इंजिनं मोजा. सुखोईला दोन, तेजसला एक. ‘दोन इंजिनांचे तेजस’ दिसलं की कुठेतरी वाक्यं सरमिसळ झाली आहेत हे नक्की.

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए ओझरहून उडालं. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या मजकुरांत ‘तेजसचे पहिले उड्डाण नाशिकमध्ये’ असं शीर्षक होतं. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला बंगळूरला झालं होतं. मार्क १ए या आवृत्तीचं पहिलं उड्डाणही बंगळूरलाच, २८ मार्च २०२४ ला. नाशिकचा मान नाशिकचाच आहे, तो ‘नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजसचे उड्डाण’ असं लिहिल्याने कमी होत नाही. ‘पहिले’ हा शब्द विमानाच्या बातमीत आला की तो कशाला चिकटलाय हे तपासा. विमानाला, आवृत्तीला, कारखान्याला की फक्त त्या दिवसाला?

त्याच्या तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबर २०२५ ला, मिग-२१ निवृत्त झालं. ‘मिग निवृत्त’ हे शीर्षक लहान होतं, जागेत बसत होतं, म्हणून खूप ठिकाणी गेलं. पण मिग हे एका विमानाचं नाव नाही. मिकोयान आणि गुरेविच या दोन आराखडाकारांच्या नावांवरून आलेलं ते घराण्याचं नाव आहे. मिग-२९ हवाई दलात आहेच, आणि त्याची मोठी दुरुस्ती ओझरच्याच डेपोत होते. ‘ओझर मिग’ हे ज्या गावाचं बोलीतलं नाव आहे, तिथे तरी आकडा गाळून चालणार नाही.

‘उड्डाण’ या एका शब्दावर किती भार टाकायचा

सगळ्यात जास्त वेळ मी या शब्दावर घालवते. शुद्धलेखन सोपं आहे, ‘ड्ड’ जोडाक्षर आणि शेवटी ‘ण’. ‘उड्डान’, ‘उडाण’, ‘ऊड्डाण’ तिन्ही चूक. पण खरी अडचण अर्थाची आहे. विमानाने जमीन सोडली, तेही उड्डाण. दोन तास हवेत होतं, तेही उड्डाण. रोज सकाळी सुटणारी सेवा, तेही उड्डाण.

‘नाशिक-दिल्ली उड्डाण रद्द’ असं शीर्षक गेलं त्या दिवशी आमचा फोन थांबला नाही. धुक्यामुळे त्या सकाळची एक फेरी रद्द झाली होती. वाचकांना वाटलं सेवाच बंद झाली. नाशिककरांनी विमानसेवा सुरू होताना आणि बंद पडताना इतक्यांदा पाहिली आहे की त्यांना तसं वाटणं साहजिक होतं.

आता मी असं करते. एका दिवसाचं असेल तर ‘फेरी’. कायमची असेल तर ‘सेवा’. जमीन सोडण्याचा क्षण असेल तर ‘उड्डाण केलं’, ‘विमान झेपावलं’. हवेतला काळ असेल तर ‘प्रवासात’, ‘हवेत असताना’. ‘उड्डाणादरम्यान बिघाड’ वाचून बिघाड धावपट्टीवर झाला की तीस हजार फुटांवर, हे कळत नाही, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं.

‘उड्डाण भरले’ कृपया लिहू नका. ती हिंदीतली ‘उड़ान भरना’ आहे, चॅनलवरून आपल्याकडे आली. मराठीत पाणी भरतात, फी भरतात, रागही भरतो. उड्डाण करतात किंवा घेतात.

या शब्दाचा एवढा आग्रह का, असं मला एका नव्या सहकाऱ्याने विचारलं होतं. त्याला मी तेनेरिफची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७ ला त्या बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाला पुढचा मार्ग सांगितला गेला होता, उडायची परवानगी मिळाली नव्हती. वैमानिक आणि नियंत्रण कक्षाच्या त्या संभाषणात ‘टेक-ऑफ’ हा शब्द दोन्ही बाजूंनी आला आणि दोघांनी तो वेगळा समजून घेतला. तेव्हापासून रेडिओवर हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती काढून घेताना एवढाच वापरतात, बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. बातमीतल्या शब्दाने विमान पडत नाही हे खरं. पण ज्या क्षेत्राने एका शब्दासाठी एवढी किंमत मोजली, त्याबद्दल लिहिताना तो शब्द आपण ढिला सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मेडे म्हणजे मे दिन नव्हे

भाषांतराच्या ॲपमधून आलेल्या एका मजकुरात होतं : ‘वैमानिकाने तीन वेळा मे दिन असे म्हटले.’ महाराष्ट्रात १ मे ला दोन दोन कारणांनी सुट्टी असते, त्यामुळे या ओळीवर नजर अडखळतही नाही, हीच भीती. जीव धोक्यात असल्याचा हा संदेश ‘मेडे’, एक शब्द, सलग. मूळ फ्रेंच, ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या उच्चारावरून. ‘मे डे’ असं तोडून लिहिलं की पुढचा माणूस त्याचा ‘मे दिन’ करणारच.

त्याच्या खालची पायरी ‘पॅन-पॅन’. अडचण तातडीची आहे, पण प्राणावर बेतलेलं नाही, असा त्याचा अर्थ. ‘पॅन-पॅन’ दिल्यावर ‘विमान कोसळण्याच्या बेतात’ लिहिणं खोटं आहे.

इथेच ‘इमर्जन्सी लँडिंग’चा प्रश्न येतो. ठरलेल्या ठिकाणी उतरलं नाही की सरसकट ‘इमर्जन्सी लँडिंग’ लिहायची सवय लागली आहे. हवामानामुळे दुसरीकडे पाठवलं, तर ‘वळवलं’. प्रवासी आजारी पडला म्हणून लवकर उतरू दिलं, तर ‘प्राधान्याने उतरवलं’. इशाऱ्याचा एखादा दिवा लागला म्हणून लष्करी हेलिकॉप्टर द्राक्षबागेशेजारच्या मोकळ्या रानात उतरलं, तर ‘खबरदारी म्हणून उतरवलं’. वैमानिकाने स्वतः आणीबाणी जाहीर केली असेल तरच ‘आपत्कालीन’. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं एक बोइंग ७०७ इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. वैमानिकांनी ‘प्राधान्य’ मागितलं होतं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी नियंत्रकांना सांगितलाच नाही. या दोन शब्दांत किती अंतर असतं ते त्या रात्री कळलं.

उंची कशापासून?

इंग्रजीत यासाठी तीन शब्द आहेत, मराठीत आपण तिन्हींना ‘उंची’ म्हणतो. त्यामुळे ‘पासून’ लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे जवळपास दोन हजार फुटांवर आहे. वैमानिकाचं उंचीमापक समुद्रसपाटीपासून ३,००० फूट दाखवत असेल, तर खालच्या कांद्याच्या शेतापासून विमान फक्त हजारेक फुटांवर आहे. ‘तीन हजार फुटांवरून कोसळले’ छापलं तर आपण अंतर तिप्पट केलं.

‘फ्लाइट लेव्हल ३५०’ म्हणजे ३५,००० फूट, दोन शून्यं बोलताना गाळतात. कुणी ‘३५० फूट’ करतं, कुणी उत्साहाने साडेतीन लाख. वेगाचंही तसंच. ‘नॉट’ म्हणजेच ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ‘ताशी १५० नॉट’ लिहिलं तर ‘ताशी’ दोनदा झालं.

‘फूट’ एकटा असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ‘फुटांवर’, ‘फुटांवरून’. हे तर आपल्या रोजच्या व्याकरणातलंच आहे.

धावपट्टीचे आकडे वाचतानाही जपा. ओझरची पट्टी एकच आहे, तीन किलोमीटर लांब, आणि तिची नावं दोन, ०९ आणि २७. पूर्वेकडे तोंड करून वापरली की होकायंत्रावरच्या नव्वद अंशांची, शेवटचं शून्य गाळून, ०९, पश्चिमेकडे तोंड केलं की दोनशे सत्तरची २७. ‘२७ व्या धावपट्टीवर’ असं लिहिलं, की गावाकडचा वाचक उरलेल्या सव्वीस शोधत बसतो.

स्टॉल, टॅक्सी, घिरट्या

‘विमान स्टॉल झाले’ याचं ‘इंजिन बंद पडले’ असं भाषांतर जवळपास दरवेळी होतं, कारण आपली स्कूटर स्टॉल होते तेव्हा इंजिनच बंद पडतं. विमानात स्टॉल पंखाचा असतो. नाक फार वर उचललं की पंखावरून हवा नीट वाहत नाही, विमानाला वर धरणारी उचल तुटते. त्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालू असू शकतं. ‘पंखांची उचल तुटली’ लिहिलं तर चालतं, ‘स्टॉल’ ठेवून एका वाक्यात समजावलं तर जास्त चांगलं.

‘टॅक्सी करणे’ म्हणजे विमानाने स्वतःच्या चाकांवर जमिनीवरून चालत जाणं. ‘विमान टॅक्सीने धावपट्टीकडे नेण्यात आले’ हे मी प्रुफात प्रत्यक्ष वाचलं आहे.

घिरट्या घालणं म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत हवेत थांबणं. उतरता उतरता उतरणं सोडून पुन्हा वर जाणं वेगळं, त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. दोन्ही नेहमीच्या गोष्टी आहेत, ‘थरार’ हा शब्द दोन्हींनाही लावू नका. आणि ‘हवेची पोकळी’ वातावरणात कुठेच नसते, विमान हलतं ते हवेच्या खळबळीने. ब्लॅक बॉक्स नारिंगी असतो, म्हणून ‘काळी पेटी सापडली’ लिहून खाली नारिंगी डब्याचा फोटो लावू नका.

कोणाचं विमान, कोणता कॅप्टन, कुणाची चौकशी

गांधीनगरची हेलिकॉप्टरं भूदलाची आहेत. आकाशात उडतं ते सगळं हवाई दलाचं, हा समज इतका घट्ट आहे की बातमीत दर खेपेला ‘हवाई दलाचे हेलिकॉप्टर’ येतं. भूदलाची स्वतःची विमानशाखा १ नोव्हेंबर १९८६ पासून स्वतंत्र कोअर, म्हणजे भूदलातला वेगळा विभाग, आहे.

‘कॅप्टन’ बघितला की थांबायचं. भूदलातला कॅप्टन मेजरच्या खालचा, तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात नुसता कॅप्टन नसतोच, ग्रुप कॅप्टन असतो, तोही कर्नलच्या बरोबरीचा. प्रवासी विमानाचा कॅप्टन म्हणजे त्या विमानाचा मुख्य वैमानिक, ती लष्करी हुद्द्याची गोष्टच नाही. ‘स्क्वाड्रन लीडर’ हा हुद्दा आहे, म्हणून ‘स्क्वाड्रनचे प्रमुख’ असं भाषांतर करू नका.

चौकशीच्या बातमीत एका अक्षराने संस्था बदलते. एएआय म्हणजे विमानतळ प्राधिकरण. एएआयबी म्हणजे विमान अपघातांचा तपास करणारा ब्युरो, २०१२ साली स्थापन झालेला. प्राधिकरण अपघाताचा तपास करत नाही. आणि ओझरचा विमानतळ प्राधिकरणाचा नाही, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आहे. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं कार्यालयही आणि त्यातला सर्वोच्च अधिकारीही, त्यामुळे ‘महासंचालनालयाने आदेश दिले’ आणि ‘महासंचालक म्हणाले’ हे वेगळं ठेवायचं. कार्यालय काही ‘म्हणत’ नाही.

पान सुटण्याआधी

शुद्धलेखनातली जी खात्रीने सापडतात ती आधी काढून टाका. ‘वैमानीक’ चूक, ‘वैमानिक’ बरोबर. मराठीत ‘बहीण’, ‘गरीब’ असं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायची हाताला सवय असते, म्हणून ही चूक होते, पण ‘इक’ प्रत्यय ऱ्हस्वच. ‘दुर्घटना’तला ‘दु’ ऱ्हस्व. ‘इंधन’, ‘उंची’ यांचं पहिलं अक्षर ऱ्हस्व. ‘क्षेपणास्त्र’ सलग. ही एवढी यादी फाइलमध्ये शोधायला दोन मिनिटं पुरतात.

उरलेल्यांसाठी मी बातमीदाराला फोन करते. रात्री उशीर झाला असला तरी करते. विचारते, हे जमिनीवर झालं की हवेत? विमान कोणाचं होतं? उंची कशापासून मोजली? तो सांगायला लागला की निम्मी दुरुस्ती त्याच्याच तोंडून होते, कारण त्याने घडलेलं पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं, फक्त लिहिताना समोरच्या इंग्रजी ओळीला धरून लिहिलेलं असतं.

हेलिकॉप्टरची बातमी असेल तर फोन ठेवण्याआधी एक गोष्ट त्याला मोठ्याने म्हणायला लावते : “चीता. ची दीर्घ.” आणि डाक आवृत्ती सुटण्याआधी, आठ वाजताच, तो फोन करते.